पात्याच्या वेष्टनावरच्या रेघा

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय घरी सांगितला तेव्हा बायको हसली. म्हणाली, "बचतीवर? तू?" मग ती न्हाणीघरात गेली आणि माझ्या फळीवरचा सगळा संसार ताटात भरून माझ्यासमोर ठेवला. मी मोजदाद केली. रेझर चार, ब्रश तीन, दाढीचे साबण चौदा आणि पाती अंदाजे तीनशे. चेहरा एक.

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, या खटल्यात मी वकील म्हणून उभा नाही. मी आरोपी आहे आणि माझी साक्ष माझ्याच विरुद्ध जाणार आहे. सेफ्टी रेझर, म्हणजे दुधारी एकच पातं घालायचा धातूचा जुना रेझर, ब्रशने फेस करून वापरला तर पैसे वाचतात का, एवढाच प्रश्न आहे. वाचतात, असं सगळे म्हणतात. मीही पंधरा वर्षं म्हणत आलो. हिशेब मात्र पहिल्यांदा या व्याख्यानासाठी केला.

हिशेब कुठल्या चलनात करायचा यावर वेळ घालवू नका. एका दुधारी पात्याची किंमत १ धरा. सगळं त्याच्या पटीत मोजू. वर्षाला तीनशे दाढ्या धरा, रविवारी सुट्टी. एक पातं पाच दाढ्या टिकतं असं समजा, म्हणजे वर्षाला साठ पाती, खर्च ६०. आता चार-पाच पात्यांचं कार्ट्रिज, म्हणजे दांडीला अडकवायचं तयार डोकं, घ्या. एका कार्ट्रिजला दुधारी पात्याच्या पंधरापट पैसे पडतात आणि ते बारा दाढ्या चालतं असं धरू. वर्षाला पंचवीस कार्ट्रिज, खर्च ३७५. फरक ३१५. चांगल्या रेझरची किंमत २०० धरली तर साडेसात-आठ महिन्यांत तो फिटतो. पुढे निव्वळ नफा. रेझर पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असेल तर तो तुमच्या मुलालाही पुरेल. जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तर मात्र त्याचे आटे जपून फिरवा, कारण तो नेमका तिथेच तुटतो.

इथे टाळ्या वाजवून घरी जाता येईल. बहुतेक लोक जातात. पण मी तुलना कशाशी केली हे पाहा. बाजारातल्या सगळ्यात महागड्या वस्तूशी. स्वतःला काटकसरी सिद्ध करायचं असेल तर शेजारी उधळ्या माणूस उभा करावा, इतकं ते सोपं आहे.

आता शेजारी दुसरा माणूस उभा करू. तो वापरून फेकायचा, प्लॅस्टिकच्या दांडीचा दोन पात्यांचा रेझर घेतो. किंमत ३ धरा, सहा दाढ्या. वर्षाला पन्नास रेझर, खर्च १५०. माझ्या साठच्या तुलनेत फरक ९०. म्हणजे माझा दोनशेचा रेझर फिटायला सव्वादोन वर्षं लागणार. आणि मी नाजूक कातडीचा निघालो, दर दोन दाढ्यांनी पातं बदलू लागलो, तर मलाही वर्षाला दीडशे पाती लागतील. खर्च १५०. बरोबरी. बचत शून्य, वर रेझरचे पैसे अंगावर. आकडे मी गृहीत धरलेत, तुमचे वेगळे असतील, पण खेळ कुठे फिरतो ते कळलं असेल. पात्याच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर फिरतो: आधी तुम्ही काय वापरत होता, आणि एक पातं तुम्ही किती दाढ्या चालवता.

पहिल्या गोष्टीबद्दल थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला फार गमतीचा वाटतो. ज्या रेझरला आज आपण पारंपरिक म्हणतो, काटकसरीचा म्हणतो, तो मुळात फेकून देण्याच्या कल्पनेतून जन्मला. किंग कँप जिलेट हा अमेरिकन फिरता विक्रेता. तो बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत होता. बाटलीचं पत्र्याचं दातेरी बूच ज्याने शोधलं, त्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता की लोक वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. जिलेटला वस्तऱ्याची धार लावताना सुचलं की एवढं जाड पोलाद हवंच कशाला? धार तेवढी हवी. पातळ पत्र्याला धार टिकेना, तेव्हा विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते जमवून दिलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पेटंट १९०४ च्या नोव्हेंबरात मिळालं.

त्या काळच्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्याकडे वडिलांचा वस्तरा आहे. चामड्याच्या पट्ट्यावर घासला की झालं, पात्याचा खर्च नाही. त्याला हा नवा रेझर पाच डॉलरला घ्यायचा होता आणि वर पाती घेतच राहायची होती. आपण आज कार्ट्रिजला जी नावं ठेवतो, नेमकी तीच त्याने सेफ्टी रेझरला ठेवली असतील. पैसे वाचले ते न्हाव्याकडे रोज जाणाऱ्याचे. वस्तरेवाल्याचे नाहीत. पुन्हा तेच: कशाच्या तुलनेत?

आणखी एक समजूत इथेच मोडून ठेवतो. दांडी फुकटात द्यायची आणि पात्यांवर कमवायचं, हा धंदा जिलेटने पहिल्या दिवसापासून केला असं व्यवस्थापनाच्या वर्गात सांगतात. पेटंट होतं तोवर त्याने रेझर चांगला महाग विकला. १९२१ मध्ये पेटंट संपलं, कोणीही त्या मापाची पाती आणि रेझर करू शकणार होतं, तेव्हा कुठे जुन्या घडणीचा रेझर एका डॉलरवर आला. आजच्या तुमच्या-माझ्या बचतीचं मूळ त्या संपलेल्या पेटंटात आहे. दुधारी पात्याचं माप जगभर एकच झालं. कुणाचंही पातं कुणाच्याही रेझरमध्ये बसतं, म्हणून ते स्वस्त. कार्ट्रिजची दांडी मात्र आपल्याच कंपनीच्या डोक्याला ओळखते. १९७१ साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये चार, पुढे पाच. दर वेळी नवं खोबण आणि नवं पेटंट. पात्यांची संख्या वाढल्याने दाढी त्या पटीत चांगली होते का, हा वेगळा वाद. मला विचाराल तर नाही, पण माझ्या मताला इथे किंमत शून्य धरा.

आता दुसरी गोष्ट, पातं किती दाढ्या चालतं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळी बचत इथेच होते किंवा बुडते.

पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं. पोलाद केसापेक्षा पन्नासेक पट कठीण. मग केस कापून ते बोथट कसं होतं? २०२० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. आपल्याला वाटतं की धार घासून घासून गोल होते. त्यांना दिसलं ते वेगळंच. धारेचे बारीक टवके उडतात. केस आडवा वाकून, तिरका होऊन धारेला भिडला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची घडण एकसारखी नसली, की तिथे चीर पडते आणि टवका निघतो. एक टवका पडला की शेजारचा भाग आणखी कमजोर.

मी शास्त्रज्ञ नाही, दाढी करणारा आहे. माझ्यापुरता यातून एक धडा मी घेतला: केस मऊ करा. केस पाणी पितो आणि भिजलेला केस कापायला कमी जोर लागतो. ब्रशचा सोहळा यासाठी आहे, वासासाठी नव्हे. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, मग फेस, मग आणखी अर्धा मिनिट थांबणं. पूर्वी मी हे वगळायचो आणि पाती खराब आहेत म्हणायचो.

आता वेष्टनाची गोष्ट. पातं ज्या कागदात येतं तो मी टाकत नाही. आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवतो आणि प्रत्येक दाढीनंतर त्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. पाचव्या रेघेला आडवी काट. आज माझ्याजवळ असे सदतीस कागद आहेत, दोऱ्यात ओवलेले. पहिल्या कागदांवर दोन-दोन रेघा आहेत. एकावर फक्त एक, आणि त्याच्या कडेला तपकिरी डाग आहे. ते माझं रक्त. त्या दिवशी मी कार्ट्रिजच्या सवयीने रेझर हनुवटीवर दाबला होता. कार्ट्रिज दाबून घेतं, हे दाबून घेत नाही. त्याला त्याचं वजन पुरतं, आपण फक्त तिरपा धरायचा, अंदाजे तीस अंश, आणि छोटे छोटे हात मारायचे. गालावर तुरटी फिरवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या कागदांवर तीन, चार आणि हळूहळू सहा. म्हणजे पातं तेच, कंपनी तीच, किंमतही तीच. माझा हात सुधारला तसा खर्च निम्म्याहून खाली आला. शिकायच्या काळात मी जी पाती वाया घालवली ती कुठल्याच हिशेबात कोणी धरत नाही. धरायला हवीत.

उलट्या हाताने, म्हणजे केसाच्या दिशेविरुद्ध, रोज गुळगुळीत करायचा हट्ट सोडला त्या महिन्यात रेघा आणखी एकाने वाढल्या. हे माझं निरीक्षण, नियम नव्हे.

फेसाबद्दल थोडक्यात. डब्यातला फेस बहुतांशी पाणी असतो, साबणाची वडी तशी नाही. एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण लागतो, तेव्हा शंभर ग्रॅमची वडी शंभर दाढ्या. इथे बचत बऱ्याचदा खरी असते. पण ती रेझरच्या नावावर जमा करू नका! ब्रश आणि साबण घेऊन कार्ट्रिजनेही दाढी करता येते, कोणी अडवत नाही. दोन वेगळी खाती आहेत, आणि आपण दोन्हींची जमा एका खात्यात दाखवतो.

आता माझ्या ताटाकडे या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला म्हणजे हे. चौदा साबण म्हणजे चौदाशे दाढ्या, चार वर्षं आठ महिने. वर्षाला तीन पुरतात, तेव्हा अकरा जास्तीचे. एकाची किंमत ६०, झाले ६६०. तीन जास्तीचे रेझर, ६००. दोन जास्तीचे ब्रश, दीडशेचा एक, ३००. एकूण १५६०. वर्षाची बचत ३१५. भागाकार करा. जवळपास पाच वर्षांची बचत माझ्या न्हाणीघराच्या फळीवर धूळ खात उभी आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आत्ताच काढून दाखवलं.

हे कसं होतं? पहिला रेझर मी बचतीसाठी घेतला. तो घेतल्यावर वाटलं की आता वर्षाला एवढे पैसे वाचणार आहेत, तर एक बरा ब्रश घ्यायला काय हरकत. न वाचलेल्या पैशांतून मी खर्च करत होतो. आणि प्रत्येक वस्तू एकेकटी स्वस्त होती, हीच मोठी फसगत. महाग कार्ट्रिज घेताना माणूस कुरकुरतो तरी. स्वस्त साबण घेताना शीळ घालतो.

वेळेचं काय, असं दर ठिकाणी विचारतात. मला कार्ट्रिजपेक्षा रोज पाच मिनिटं जास्त लागतात. तीनशे दिवसांचे पंचवीस तास. त्या तासांचे पैसे लावायचे का? त्या पाच मिनिटांत तुम्ही खरोखर कमावणार असाल तर लावा. मी त्या पाच मिनिटांत मोबाइल पाहिला असता. घाईच्या दिवशी आणि प्रवासात मात्र मी मुकाट्याने प्लॅस्टिकचा रेझर वापरतो, कारण सुटं पातं विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. तो खर्चही लिहून ठेवा. मी लिहीत नव्हतो.

तर माझा हिशेब असा निघाला: रेझर पैसे वाचवतो, मी खर्च करतो. महाग कार्ट्रिजवरून येणाऱ्याने एक रेझर, एक ब्रश, एक साबण आणि पात्यांचं एक खोकं एवढ्यावर पाय रोवला तर वर्ष-सव्वा वर्षात त्याचे पैसे सुटतील. स्वस्त फेकायच्या रेझरने ज्याचं भागतंय, त्याने पैशासाठी यात पडू नये. मजेसाठी पडावं, आणि मजा म्हणूनच वहीत लिहावं.

समोरून प्रश्न आलाय की पातं कितव्या दाढीला बदलायचं. आकडा मागू नका, गालाला विचारा. केस कापला न जाता ओढला गेल्यासारखा वाटला, वरच्या ओठाजवळ रेझर अडखळला, की दाढी तिथेच थांबवा आणि त्याच क्षणी नवं पातं घाला. "आजची एवढी काढू, उद्या बदलू" म्हणून मी एकदा ओढलं होतं. त्या कागदावर आठ रेघा आहेत, आठवी अर्धवट. जुनं पातं कचऱ्यात सुटं टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडा आणि त्यात साठवा. माझा एक डबा पाच वर्षांत अजून भरलेला नाही. तो मात्र फुकट होता.