चिठ्ठीवर वेळ लिहा

[दृश्य: पेठ–नाशिक रस्ता, रात्र. सावळघाटातली वळणं. पुढे १०८ चा निळा दिवा.]

पेठहून नाशिक साधारण पंचावन्न किलोमीटर. वाटेत सावळघाट. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की गाडी रांगतच चालते.

आत स्ट्रेचरवर सातव्या महिन्यातली एक बाई. रक्तदाब खूप चढलेला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. झटके येऊ नयेत म्हणून तालुक्याच्या ठिकाणी तिला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं आणि नाशिकला रेफर केलं. सोबत सासू आणि नवरा. नवऱ्याच्या मांडीवर कापडाच्या दुकानातली पिशवी. तिच्यात केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, रेशन कार्ड आणि चार घड्या घातलेली रेफर चिठ्ठी.

[दृश्य: चिठ्ठी जवळून. नाव, गाव झाकलेलं.]

या चिठ्ठीवर एक गोष्ट असायलाच हवी होती. इंजेक्शन किती दिलं आणि किती वाजता. या औषधाची पुढची मात्रा चार तासांनी देतात. तीही आधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, लघवी पुरेशी होते का, श्वास नीट चालू आहे का हे बघून. औषध जास्त झालं तर आधी हातोडी मारल्यावर पाय उडणं थांबतं, मग श्वास मंदावतो. कमी पडलं तर झटका येऊ शकतो.

नाशिकमध्ये रात्रपाळीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी उघडली. औषधाचं नाव होतं. वेळ नव्हती.

'किती वाजता दिलं हो?'

नवरा म्हणाला, 'सांजच्याला.'

चिठ्ठीवर फोन नंबरही नव्हता. सिस्टरांनी ओळखीच्या ओळखीतून तालुक्याच्या नर्सचा नंबर मिळवला, तिनं रजिस्टर उघडून वेळ वाचून दाखवली आणि पुढचे उपचार सुरू झाले. त्या रात्री डोंगराळ भागात रेंज होती, हे त्या कुटुंबाचं नशीब. एवढी मोठी गोष्ट नशिबावर सोडायची का, हाच आमचा प्रश्न आहे.

या कुटुंबानं कागद दाखवायला परवानगी दिली, चेहरे दाखवायला नाही. म्हणून चेहरे दिसणार नाहीत.

[दृश्य: त्र्यंबक नाका, सिव्हिलचं आवार. नातेवाइकांची गर्दी.]

पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून गंभीर रुग्ण उतरतो तो बहुतेक इथे, सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात. शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, नाशिकरोडला महापालिकेचं बिटको आहे. म्हसरूळला तर महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे. १९९८ साली स्थापन झालेलं, राज्यभरातल्या डॉक्टरांना आणि नर्सना पदव्या देणारं. शहरात डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत रुग्णाला नेतं कोण? नातेवाईक. तेही रात्रीचे, उपाशी, घाबरलेले, आणि बऱ्याचदा न वाचता येणारे कागद हातात धरून.

रुग्ण गाडीत बसवला की आपलं काम झालं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. आमचं म्हणणं उलट आहे. समोरच्या डॉक्टरनं रुग्ण ताब्यात घेतला असं कळेपर्यंत तो पाठवणाऱ्याचाच असतो. हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक माणूस रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला नेलं. कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात खिशातून पैसे भरून उपचार झाले. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये या प्रकरणात निकाल दिला. तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ नं दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं सांगून पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली. पुढे असंही म्हटलं की खाट कुठे रिकामी आहे हे कळणारी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था हवी, म्हणजे रुग्ण थेट तिथेच नेता येईल.

निकालाला तीन दशकं होत आली. पेठचा डॉक्टर आजही स्वतःच्या मोबाइलवरून वर्गमित्राला विचारतो, 'बेड आहे का रे?'

[दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचा बंद ऑपरेशन थिएटरचा दरवाजा.]

त्या डॉक्टरची बाजूही ऐकायला हवी. भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची पिशवी नाही, बाळाला ठेवायला व्हेंटिलेटर नाही. अशा ठिकाणी बाई थांबवून ठेवणं हाच गुन्हा ठरेल. आणि काही बरंवाईट झालं तर पन्नास माणसं दारात उभी राहतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता तो कायदा दारात उभा नसतो. म्हणून थोडी शंका आली तरी रेफर. यातले काही रेफर टाळता आले असते. पण एकट्या माणसावर सगळा भार टाकून वर त्यालाच नीतीचे धडे देणं आम्हाला पटत नाही. तिथे भूलतज्ज्ञ नेमणं हे सरकारचं काम आहे.

चिठ्ठीवर वेळ लिहिणं मात्र त्याचंच काम आहे. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही.

[दृश्य: मुंबई नाका. एकापाठोपाठ एक रुग्णालयांच्या पाट्या.]

आता पैशांकडे येऊ. शहराच्या वेशीवर कोणीतरी म्हणतं, 'सिव्हिलला जागा मिळायची नाही, चला, ओळखीच्या ठिकाणी नेतो.' या 'ओळखी'मागे कधी माणुसकी असते, कधी 'कट', म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनं मनाई केलेलं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, तिच्यातही लिहिलंय की आर्थिक हितसंबंधांपासून मुक्त असं योग्य रेफरल मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. राज्यात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला. कायदा काही झाला नाही.

योजनेचंही असंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू शकतात. पण रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथे हाच आजार योजनेत बसेल असं नाही. ते कळतं आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या टेबलापाशी, रुग्ण आत गेल्यावर. मग पुन्हा गाडी, पुन्हा तीच पिशवी. निघण्याआधी एका फोनवर हे कळायला काय हरकत आहे?

आणि ती पिशवी सांभाळून ठेवा. कागद मागणं हा उद्धटपणा नाही. डॉक्टरांच्या त्याच २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. नर्सिंग होमचे राज्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणंही बंधनकारक आहे. दवाखान्यात गेलात की भिंतीकडे बघा.

[दृश्य: नोंदणी खिडकी. मोबाइलवर उजळलेला मेसेज.]

पिशवीवर उपाय म्हणून आता 'आभा' आलंय. चौदा अंकी आरोग्य क्रमांक. देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. कल्पना चांगली आहे. इंजेक्शनची वेळ पेठमध्ये नोंदवली की नाशिकमध्ये दिसावी. रुग्णाच्या संमतीशिवाय रेकॉर्ड कोणाला दिसू नये आणि दिलेली संमती मागेही घेता यावी, अशी रचना आहे.

खिडकीवर काय होतं ते बघा. 'आजी, ओटीपी सांगा.' आजीकडे मोबाइल नाही. आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा, आणि पुतण्या दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला. त्याला फोन जातो, तो सहा आकडे वाचून दाखवतो, आभा तयार. आजीला वाटतं रांगेत नंबर लागला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा म्हणतो की संमती मुक्त, स्पष्ट आणि माहिती देऊन घेतलेली हवी, आणि सूचना मराठीतही मिळायला हवी. आजीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. ओटीपी सांगणं म्हणजे संमती देणं नव्हे. दोन मिनिटं काढून तिला मराठीत सांगा की हे कशाला, कोण बघणार, आणि नको म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत.

[दृश्य: पाड्यावरची वाट. आशाताई, खांद्याला पिशवी.]

घरी परतल्यावर रुग्ण कोणाचा? आशाताईचा. तिला मात्र कोणी काही कळवत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, तेही घाईच्या अक्षरात. परतीची चिठ्ठी हवीच. पण तिच्यात काय असावं, यावर थांबून विचार करायला हवा. पाडा लहान असतो. क्षयरोग, एचआयव्ही, मनाचा आजार यातलं काहीही संध्याकाळपर्यंत चावडीवर पोहोचतं. एचआयव्हीबाबत तर संमतीशिवाय उघड करणं २०१७ च्या कायद्यानं निषिद्ध आहे. आम्हाला वाटतं, गोळी कोणती, कधी, आणि काय दिसलं तर लगेच परत आणायचं, एवढं आशाताईला पुरेसं आहे. निदान सांगायचं की नाही, हे रुग्णाला विचारून ठरवावं.

[दृश्य: सुरगाणा तालुका, गुजरात सीमेकडे जाणारा रस्ता.]

सगळे रुग्ण नाशिकलाच येतात असंही नाही. सीमेवरच्या गावांना धरमपूर, वलसाड जवळ पडतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घ्या अशी मागणीच केली. सोयी मिळत नाहीत हेच कारण, आणि त्यात आरोग्यही होतं. तिकडून येणाऱ्या कागदावरच्या सूचना गुजरातीत. त्या वाचायच्या कोणी?

पेठ, सुरगाणा आणि सीमेपलीकडचे कपराडा, धरमपूर. या चार तालुक्यांपुरती एक रेफर चिठ्ठी मराठी आणि गुजराती दोन्हींत छापता येईल. वर दोन्हीकडच्या रुग्णालयांचे फोन नंबर, मध्ये औषध, मात्रा आणि वेळ, खाली रुग्ण ताब्यात घेणाऱ्याची सही. यासाठी नवा कायदा लागत नाही. नाशिक आणि वलसाड जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकदा समोरासमोर बसायला हवं. पुढच्या पावसाळ्याआधी ही बैठक व्हावी, ही आमची दोन्ही जिल्ह्यांकडे मागणी आहे.