आधी पळवाट

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'मशीनच्या करवतीने झाड सुरक्षित कसं पाडावं'. तिथे मी येतोच. पण आधी मला एका बदनाम शब्दाची वकिली करायची आहे. तो शब्द म्हणजे पळवाट. कर्जदार पळवाट शोधतो, कंत्राटदार काढतो, जावई तर... असो, दुसऱ्या रांगेत आमचे जावई बसलेत. झाड पाडणाऱ्याला मात्र पळवाट काढल्याशिवाय मशीनला हातच लावायचा नसतो.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मागच्या अंगणात एक कडुलिंब होता. रस्त्याच्या बाजूला चांगलाच झुकलेला आणि अर्धा वाळलेला. पाडायला माणूस आला तो पायात सपाता, डोक्याला गमछा आणि हातात पेट्रोलचं मशीन घेऊन. मी विचारलं, ''हेल्मेट?'' म्हणाला, ''काका, कंई नै थाय.'' म्हणजे, काही होत नाही. बडोद्यात ज्या कामाची सुरुवात 'कंई नै थाय'ने होते तिथून मी दहा पावलं मागे सरतो. त्या दिवशीही सरलो, म्हणून आज इथे उभा आहे.

त्याच्या पाठीमागे दोरीवर आत्याचं सुती नऊवारी वाळत होतं. काढ म्हटलं असतं तरी तिने काढलं नसतं. चार दिवसांनी ऊन पडलं होतं. (आत्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मानधन नको.) या गृहस्थाने खाच वगैरे न घेता मागून सरळ आरपार कापायला घेतलं. झुकलेलं झाड, ताण सगळा मागच्या अंगाला. अर्ध्यावर गेला असेल नसेल, बुंधा उभा चिरला आणि मागची फाळ सणकन वर उसळली. हा सरळ मागे पळाला तो थेट नऊवारीत! साडी मशीनमध्ये गेली, धागे मशीनच्या कापणाऱ्या साखळीत गुंतले आणि मशीन बंद पडलं. फाळ त्याच्या खांद्यापासून वीतभरावरून तुळशीवृंदावनावर आली. आत्या बाहेर आली आणि पहिला प्रश्न विचारला, ''साडीचे पैसे कोण देणार?''

आता गंमत बघा. झाडं कापणाऱ्यांसाठी मांड्या झाकणारं जे खास वस्त्र मिळतं ना, त्याची युक्ती हीच. आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन दात्याच्या चाकात अडकतात आणि साखळी थांबते. पण म्हणून कोणी नऊवारी नेसून झाड तोडायला जाऊ नये.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, भरभर सांगतो.

आधी वर बघा: वाळकी लटकती फांदी, विजेची तार. बाकीच्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभं करा. पळवाट सरळ मागे नाही, तिरकी, साधारण 45 अंशांत, आणि ती आधी झाडून घ्यायची. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच, बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी. मागचा काप जरा वरून. दोन्हींच्या मध्ये दहाव्या हिश्श्याची पट्टी कापायचीच नाही, ती बिजागरी. झाडाला वळण तीच देते. फार झुकलेल्या झाडाला मात्र ही रीत पुरत नाही, तिथे जाणकारच बोलवा.

साखळी ज्या लांब लोखंडी पट्टीभोवती फिरते, त्या मशीनच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकू देऊ नका. टेकला की पट्टी उसळून तोंडावर येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून डाव्या अंगठ्याने पुढची मूठ वेढून धरायची, खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवरून तर मुळीच नाही. कानाला संरक्षण हवंच, आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. झाड पडताना दुसऱ्यात अडकलं तर त्याच्याखाली जाऊ नका. ओढून काढायची सोय करा.

काय? वड कसा पाडायचा? अहो, गावाचं नावच, वडोदरा, ज्याच्यावरून पडलं तो पाडायला कोण निघालंय? त्याच्या पारंब्यांचे खांब झालेले असतात, एका खाचेने तो ऐकत नाही. वरून फांदी-फांदी उतरवावा लागतो, दोर बांधून, शिकलेल्या माणसाकडून. बाकीचं चहावर बोलू, अध्यक्ष घड्याळ बघतायत.