अँथनी जॉन्सनच्या घराण्याचा माग

श्रोतेहो, नमस्कार.

सतराव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत राबलेल्या एखाद्या साध्या शेतकऱ्याची वंशावळ आज लावायला बसलो, तर हाती फार थोडे लागते. रोजनिशी नसते, पत्रे नसतात, आणि अक्षरओळख नसल्यामुळे बहुतेकदा सहीच्या जागी नुसती खूण असते. जे उरते ते सरकारी दप्तरात, आणि तेही त्याने जमीन मागितली, कर माफ करून घेतला किंवा शेजाऱ्याशी त्याचा तंटा झाला म्हणून. अशाच कागदांतून माग लागलेल्या एका घराण्याविषयी आज मी बोलणार आहे. व्हर्जिनियातला शेतकरी अँथनी जॉन्सन, त्याची बायको मेरी आणि त्यांची मुले-नातवंडे यांचे हे घराणे. हे दोघे नवराबायको आफ्रिकी वंशाचे होते.

हा माग लागू शकला याचे मोठे कारण एका दप्तरात आहे. व्हर्जिनियातल्या कित्येक परगण्यांची जुनी कागदपत्रे आगीत आणि यादवी युद्धात नष्ट झाली. चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडच्या चिंचोळ्या भूभागावरील नॉर्थॅम्प्टन परगण्याच्या न्यायालयाची दप्तरे मात्र १६३२ पासून सलग शाबूत आहेत, आणि जॉन्सन कुटुंब याच परगण्यात नांदत होते.

वंशावळ लावताना खात्रीच्या कागदापासून मागे जायचे असते. अँथनीच्या बाबतीत असा कागद म्हणजे १६५१ सालची २५० एकर जमिनीची सनद. त्या काळी स्वतःच्या खर्चाने जो कोणी माणूस वसाहतीत आणील, त्याला दरडोई ५० एकर जमीन मिळे. म्हणून सनदेत आणलेल्या माणसांची नावे लिहिलेली असत. अँथनीने पाच नावे दिली आणि त्यांतले एक नाव रिचर्ड जॉन्सन असे आहे. त्याच्या एका मुलाचेही नाव रिचर्ड होते. पुढच्याच वर्षी दुसरा मुलगा जॉन याला ५५० एकरांची सनद मिळाली आणि १६५४ मध्ये रिचर्डला १०० एकरांची. जमिनीचे हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की बाप आणि दोन मुलगे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात.

पण त्याआधीची तीस वर्षे कशी भरून काढायची? इथे मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो एका आपत्तीतून जन्मलेला कागद. १६५३ च्या फेब्रुवारीत जॉन्सन कुटुंबाचे आगीत फार मोठे नुकसान झाले आणि त्यांनी न्यायालयाकडे सवलत मागितली. इथे शोधणाऱ्याने जपून राहायला हवे, कारण इंग्रजी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत असे. मूळ कागदावर १६५२ असे लिहिले आहे आणि आपल्या हिशेबाने ते १६५३ होते. न्यायालयाने मेरीचा आणि तिच्या दोन मुलींचा कर जन्मभरासाठी माफ केला. हा आदेश देताना न्यायाधीशांनी या कुटुंबाच्या कष्टांची दखल घेतली आणि हे दोघे व्हर्जिनियात तीस वर्षांहून अधिक काळ राहत आहेत, असे नमूद केले. घराण्याचा दोर मागे ओढून न्यायला आधार मिळतो तो याच एका वाक्याचा.

१६५३ मधून तीस वर्षे वजा केली की आपण १६२३ च्या मागे जातो. १६२५ च्या आरंभी व्हर्जिनियात वसाहतीची शिरगणती झाली होती. तीत एडवर्ड बेनेट यांच्या मळ्यावर ‘अँटोनियो, नीग्रो’ अशी नोंद आहे आणि तो १६२१ साली ‘जेम्स’ जहाजातून आला असे म्हटले आहे. त्याच मळ्यावर मेरी नावाची स्त्री आहे. ती १६२२ साली ‘मार्गारेट अँड जॉन’ या जहाजातून आलेली. याच मळ्यावर १६२२ च्या मार्चमध्ये तिथल्या मूळनिवासी पोव्हाटन लोकांच्या हल्ल्यात ५२ माणसे मारली गेली होती, आणि अँटोनियो त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी होता. अँटोनियोचा अँथनी झाला, मेरीचे नाव तेच राहिले, वर्षांचा मेळ बसला. शिरगणतीत आडनाव नाही, त्यामुळे हा मेळ शेवटी अनुमानाचाच आहे; पण इतके भक्कम अनुमान या कामात क्वचित हाती लागते.

नुसत्या नावावर विसंबणे धोक्याचे आहे, हे याच परगण्यात दिसते. तिथे अँथनी लाँगो नावाचा दुसरा एक आफ्रिकी शेतकरीही होता, आणि न्यायालयाच्या जबान्यांत कधीकधी केवळ ‘अँथनी द नीग्रो’ एवढेच लिहिलेले असते. असा कागद सापडला की तो आपल्याच माणसाचा असावा असे मनापासून वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणी थांबावे लागते.

आणखी एका कागदाला वळसा घालून जाता येत नाही. जॉन केझर नावाचा एक आफ्रिकी माणूस अँथनीच्या शेतावर काम करीत होता. आपल्या ठरावीक वर्षांच्या चाकरीच्या कराराची मुदत केव्हाच संपली असे म्हणून तो शेजारी रॉबर्ट पार्कर यांच्याकडे गेला. अँथनीने फिर्याद केली आणि १६५५ च्या मार्चमध्ये न्यायालयाने केझरला पुन्हा अँथनीच्या ताब्यात दिले. माणसाला जन्मभराचा गुलाम ठरवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या दिवाणी निकालांपैकी हा एक मानला जातो. एकेकाळी बेनेट यांच्या मळ्यावर स्वतः बांधील असलेल्या आणि त्या बंधनातून सुटलेल्या माणसाने हे केले, हे वाचताना मला आजही यातना होतात. तरीही वंशावळ लिहिणाऱ्याने हे पान गाळले, तर केझरचा इतिहासातला आवाजच पुसला जाईल.

१६६५ च्या सुमारास हे कुटुंब उत्तरेला, मेरीलँडच्या सॉमरसेट परगण्यात गेले. तिथे अँथनीने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली; तिचे नाव ‘टोनीज व्हिनियार्ड’, म्हणजे टोनीचा द्राक्षमळा. १६७० पर्यंत तो वारला होता. त्याच वर्षी व्हर्जिनियात पंचांनी निर्णय दिला, की अँथनी नीग्रो होता, म्हणून परका होता, आणि म्हणून त्याने तिथे मागे ठेवलेली जमीन सरकारजमा व्हावी. जिथे तीस वर्षांचा रहिवास न्यायालयाने कौतुकाने नोंदवला होता, त्याच वसाहतीने सतरा वर्षांत ‘परका’ हा शब्द वापरला.

१६७२ मध्ये मेरीने मृत्युपत्र केले आणि तीन नातवांना एकेक गाय वासरांसह ठेवली. त्यांतल्या एका नातवाचे नाव आजोबांचेच, अँथनी, होते. वंशावळीसाठी या गाई अनमोल आहेत, कारण त्यांच्यामुळे तिसऱ्या पिढीची नावे आजीच्या तोंडून नोंदली गेली.

आणखी एक नातू जॉन, म्हणजे अँथनीच्या जॉन याच नावाच्या मुलाचा मुलगा, याने १६७७ साली मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन विकत घेतली. त्या जमिनीचे नाव दप्तरात ‘अँगोला’ असे आहे. त्या दशकांत व्हर्जिनियात आणले गेलेले बरेच आफ्रिकी लोक पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अँगोलाच्या किनाऱ्यावरून आलेले होते, आणि अँटोनियो हेही नाव पोर्तुगीज-स्पॅनिश वळणाचेच. आजोबा कुठून आले हे कोणत्याही कारकुनाने लिहून ठेवले नव्हते. जमिनीला नाव देताना अमेरिकेत जन्मलेल्या नातवाने ते लिहवून घेतले.

नमस्कार.