घरच्या युनिक्ससाठी टेप ड्राइव्ह निवडताना

(पडद्यावर: एलटीओ-५ची कार्ट्रिज, लेबल जवळून)

ही एलटीओ-५, म्हणजे एलटीओ या बॅकअप-टेपच्या प्रकाराची पाचवी पिढी. खोक्यावर छापलंय ३ टीबी. धरायचे दीडच. बाकीचा आकडा डेटा निम्म्यावर दाबला जाईल या भरवशावर लिहिलेला आहे, आणि फोटो-व्हिडिओ तर आधीच दाबलेले असतात.

टेप स्वस्त, ड्राइव्ह महाग. म्हणून घरी वापरणाऱ्यांची नजर जुन्या एलटीओ-५ किंवा ६ वर जाते, आणि ते बरोबरच आहे. पाचच्या खाली मात्र उतरू नका: टेप फोल्डरसारखी माउंट करू देणारी एलटीएफएसची सोय पाचव्या पिढीपासूनच मिळते.

जोडणी आधी बघा. हे ड्राइव्ह बहुधा एसएएस या सर्व्हरमधल्या जोडणीचे असतात. मदरबोर्डच्या साटा पोर्टवर चालत नाहीत, वेगळं कार्ड लागतं. फायबर चॅनल या डेटा सेंटरमधल्या जोडणीचा ड्राइव्ह स्वस्तात दिसला, तर त्याच्या कार्डाचा खर्चही धरा. मोठ्या टेप लायब्ररीतून, म्हणजे टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रातून, काढलेला असेल तर एकटा चालतो का, हे विचारून घ्या.

(आवाज: टेप फिरते, थांबते, मागे जाते, पुन्हा फिरते)

हा आवाज ऐकलात? ड्राइव्ह उपाशी आहे. एलटीओ-५ला सेकंदाला १४० एमबीपर्यंत डेटा गिळता येतो. हजारो बारक्या फायलींची डिस्क तेवढा देऊ शकत नाही. मग टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते. याला शू-शाइनिंग म्हणतात; यात वेळ जातो आणि टेप-हेड दोन्ही झिजतात. मध्ये एमबफर हा छोटा प्रोग्राम लावून आधी मेमरी भरून घेतली की बराच फरक पडतो. त्यामुळे नुसत्या क्षमतेवर भाळून पुढची पिढी घेण्याआधी आपली डिस्क मोजा.

सॉफ्टवेअरची चिंता नको. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून टार हा फायली एकत्र बांधणारा प्रोग्राम सोबत आहे, त्याचा जन्मच टेपसाठी. सांभाळायचं एकच. लिनक्सवर टेप ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी० आणि एनएसटी०. एसटी०ला लिहिलं की काम संपताच टेप सुरुवातीला गुंडाळली जाते, आणि दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. एकामागोमाग ठेवायचे तर एनएसटी०. फ्रीबीएसडीवर हीच जोडी एसए० आणि एनएसए०.

वापरलेला ड्राइव्ह घरी आला की एक टेप काठोकाठ भरा, परत वाचा, मूळ फायलींशी ताडून पाहा. परत करायची मुदत असेपर्यंतच हे उरका. आणि क्लीनिंग कार्ट्रिज हौसेनं घालू नका. ड्राइव्ह मागेल तेव्हाच.