खिळा दिसतो का बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडं घरं रंगवून घेतात. रंगारी गेले, सोफा जागेवर आला, की समोरची कोरी भिंत सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, इथं एक चांगलं पेंटिंग पाहिजे. मूळ चित्र विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची, आणि आज मी ज्या चित्रांबद्दल बोलणार आहे ती तर विकाऊच नाहीत, संग्रहालयांत आहेत. तेव्हा आपल्या वाट्याला येते ती छापील प्रत. त्यात कमीपणा काही नाही. चांगली प्रत रोज डोळ्यांसमोर असली तर माणूस चित्र बघायला शिकतो. वाईट प्रत मात्र चित्राबद्दल खोटं सांगते, आणि तेही रोज सांगते.

दुकानात काय होतं बघा. आपण फोनवरचं चित्र दाखवतो. दुकानदार विचारतो, साईज काय करू? आपण भिंतीकडं बघून ठरवलेलं माप सांगतो. माझं म्हणणं असं की, भिंतीचं माप सांगण्याआधी चित्राचं माप माहीत करून घ्या. मूळ चित्र केवढं आहे, कशावर रंगवलंय, कशानं रंगवलंय. ही माहिती संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या चित्राखालीच दिलेली असते. तेवढी वाचून गेलात तर निम्मी फसवणूक टळते.

व्हर्मिर या डच चित्रकाराचं एक चित्र घेऊ. स्वयंपाकघरात एक बाई भांड्यात दूध ओततेय. पुढं टेबलावर पाव, डावीकडं खिडकी, कमरेला निळं वस्त्र. चित्र साधारण 1660च्या सुमाराचं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पुस्तकात बघताना वाटतं, चांगलं दाराएवढं असेल. प्रत्यक्षात ते साडेपंचेचाळीस सेंटिमीटर उंच आणि एक्केचाळीस सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे जवळजवळ अठरा इंच बाय सोळा इंच. बेळगावात टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्येसुद्धा ते खऱ्या मापात मावतं! मग तेच खेचून चार फुटांचं का करायचं? लहान चित्राजवळ जाऊन उभं राहायचं असतं. ते सोफ्यावरून बघायचं चित्रच नव्हे.

आता दुकानात तयार फ्रेम असते बारा बाय अठरा. आपलं चित्र जवळपास चौकोनी. अठरा इंच उंची धरली तर रुंदी सोळा इंच होते आणि फ्रेम फक्त बारा इंचांची. दुकानदार दोनपैकी एक करतो. एक तर कडेचे चार इंच उडवतो. उजवीकडून उडवले तर जमिनीवरची पाय शेकायची लाकडी शेगडी जाते, डावीकडून उडवले तर खिडकीच जाते, आणि त्या चित्रातला सगळा उजेड त्या खिडकीतून येतोय. नाही तर तो चित्र उभं ताणतो आणि ती भरल्या अंगाची बाई काटकुळी होते. म्हणून स्पष्ट सांगायचं: कापायचं नाही, ताणायचं नाही, फ्रेम चित्राच्या मापाची करा. चार पैसे जास्त पडतात, पडू देत.

उलट उदाहरण रेम्ब्रँट या दुसऱ्या डच चित्रकाराच्या ‘नाइट वॉच’चं. 1642 सालचं हे चित्र सुमारे साडेबारा फूट उंच आणि जवळजवळ पंधरा फूट रुंद आहे. ते तीन फुटांत बसवलं की माणसांची गर्दी नुसता काळपट पुंजका होऊन जाते. त्यापेक्षा त्यातला एखादा भाग घ्यावा, उजेडात उभी असलेली ती सोनेरी कपड्यांतली मुलगी किंवा दोन अधिकाऱ्यांचे हात, आणि खाली प्रामाणिकपणे लिहावं, ‘चित्राचा भाग’. गंमत म्हणजे मूळ चित्रावरही कात्री चाललेली आहे. 1715 मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं तेव्हा भिंतीवर मावेना, म्हणून कडा कापून टाकल्या. भिंतीच्या मापानं चित्र कापायची खोड जुनीच.

आता फाईल. राइक्सम्युझियमसारखी काही संग्रहालयं जुन्या चित्रांचे उत्तम फोटो फुकट उतरवून घेऊ देतात, ते छापायलाही हरकत नसते. जवळून बघायच्या प्रिंटसाठी दर इंचाला तीनशे ठिपके हे चांगलं माप. म्हणजे अठरा इंचांना पाच हजार चारशे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या फोटोत सहसा त्याच्या निम्मेसुद्धा नसतात. तो मोठा केला तर रंग लोण्यासारखे पसरतात आणि दुकानदार म्हणतो, पेंटिंग असंच दिसतं हो.

असं दिसत नाही. दूध ओतणाऱ्या बाईच्या मागं पांढरी भिंत आहे ना, त्या भिंतीवर वरच्या बाजूला एक खिळा आहे. खिळ्याची बारीक सावली पडलीय. आसपास जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. एवढ्याशा चित्रात व्हर्मिरनं हे रंगवलंय. तुमच्या प्रिंटमध्ये खिळा आणि त्याची सावली वेगळी दिसते का बघा. पावावरचे उजेडाचे ठिपके सुटे दिसतात का बघा. भिंत पिवळी पडलीय का, निळं वस्त्र जांभळ्याकडं झुकलंय का बघा. तो निळा मौल्यवान लाजवर्द दगडापासून केलेला आहे. आणि हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, दिवसा दाराशी जाऊन बघा. आधी वहीच्या पानाएवढा नमुना छापून मागितला तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आता जरा जवळ येऊ. हातात दिवा घेऊन उभी असलेली, बोटांतून लाल उजेड झिरपणारी तरुणी तुम्ही पाहिली असेल. बेळगाव, निपाणी, खानापूर, कितीतरी घरांत ती आहे, आणि दर दोन घरांतल्या एका घरी मला सांगतात, हे रवी वर्मांचं. नाही हो. रवी वर्मा 1906 साली गेले. हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1940च्या दशकात, सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी काढलं. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, हळदणकर तिथले. मूळ चित्र आपल्याच कर्नाटकात, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जवळच्या माणसाचं श्रेय आपण लांबच्या माणसाला देऊन बसलोय.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते जलरंगातलं चित्र आहे. तेलरंग नव्हे. त्या दिव्याचा उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो. बाजारात मात्र ते कॅनव्हासवर छापतात, वरून पारदर्शक जेल फिरवून ब्रशचे खोटे फटकारे उठवतात आणि त्याचे जादा पैसे घेतात. ज्या चित्राला कॅनव्हास कधी लागलाच नाही, त्याला कापडाची वीण कशाला? जलरंगाची प्रत मॅट सुती कागदावरच घ्यावी. मोनालिसाचंही तसंच. ती पॉप्लर लाकडाच्या फळीवर रंगवलेली आहे, तिच्या गालावर कापडाचे धागे उमटायचं कारण नाही. एक कायद्याची बाजूही आहे. आपल्याकडं चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. हळदणकर 1968 साली गेले, म्हणजे 2028 संपेपर्यंत त्यांच्या चित्रावर हक्क आहेत. तेव्हा ही प्रत घेताना ती अधिकृत आहे का, हे विचारायचं.

रवी वर्मांच्या चित्रांवर आज असे हक्क नाहीत. त्यांची लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात आली ती त्यांच्याच छापखान्यातून. 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. एकेका रंगाला छपाईचा वेगळा दगड, असं छापून वर वार्निश देत; त्याला ओलिओग्राफ म्हणतात. तुमच्या जुन्या घरात असा एखादा असेल तर तीच एक जपण्यासारखी वस्तू आहे, तिच्या जागी चकचकीत नवी प्रिंट लावू नका. आणि कुणी ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकायला आलं तर भिंग घेऊन बघा. दगडाच्या छपाईत रंगाचे दाणे ओबडधोबड, कमी-जास्त दिसतात. ठिपक्यांची एकसारखी जाळी, फुलांसारखी रांगेत मांडलेली दिसली, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. वरची धूळ आणि पिवळेपणा चहाच्या पाण्यानंही आणता येतो.

कागद आणि शाईबद्दल थोडक्यात. विचारायचं एवढंच: शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची आहे का, कागद सुती आणि आम्लविरहित आहे का. फ्लेक्स छापणाऱ्याकडचं मशीन बॅनरसाठी ठीक, चित्रासाठी नव्हे. जवळपास सोय नसेल तर पुण्याला किंवा बेंगळूरला फाईल पाठवून नळीत गुंडाळून मागवता येतं. आणि कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून घेणार असाल तर कडेला वळवायला जादा कोरं कापड सोडायला सांगा, नाही तर चारी बाजूंनी इंच-दीड इंच चित्र मागं वळतं.

शेवटी आपला पाऊस. जांबोटी-खानापूरकडं तर विचारूच नका, पण शहरातही पश्चिमेच्या भिंती ओल धरतात. कागदावरची प्रत काचेला चिकटता कामा नये. मध्ये माउंटची जाड चौकट हवीच, नाही तर दोन पावसाळ्यांत कागद काचेला धरतो आणि निघत नाही. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. पाठीमागच्या कागदाच्या कडा नीट बंद करून घ्या, कसर तिथूनच शिरते. भिंत फारच ओली होत असेल तर जून ते सप्टेंबर चित्र उतरवून आतल्या कोरड्या भिंतीला टेकवून ठेवा, सुती कापडात, प्लॅस्टिकमध्ये नको. उतरवलंच आहे तर पाठीमागं पेन्सिलीनं चित्रकाराचं नाव, मूळ चित्राचं माप, ते कुठं आहे आणि प्रत कोणत्या साली छापली, एवढं लिहून टाका.

नमस्कार.