पट्टी कुणाच्या गळ्याची?

(मिरजेतील एका मंडळीच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी दिलेले व्याख्यान, थोडे संपादन करून)

सर्वांना जय ख्रिस्त. पाळकसाहेब, अध्यक्ष, पुढच्या तीन रिकाम्या रांगा आणि मागे दाटीवाटीने बसलेली मंडळी. (हशा) देवळात पुढं बसायचं नाही, एवढी एक परंपरा आपण कुणालाही बदलू दिलेली नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बदलती उपासना आणि आपण : तीन कसोट्या’. तीनच का, तर आयोजकांचा फोन आला तेव्हा मी मंडईत वांगी निवडत होतो. ते म्हणाले, सर, मुद्दे किती आहेत? मी म्हटलं तीन. आता तीन सांगितले पाहिजेत. पण त्याआधी मला एका ऑर्गनची गोष्ट सांगायची आहे. ती ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी चहाकडे लक्ष ठेवावं.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. घर ख्रिस्ती झाल्याला चार पिढ्या झाल्या. आमच्या देवळात एक पायपेटी होती, म्हणजे पायाने भाता मारायचा ऑर्गन. अमेरिकेहून बोटीने आलेला. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. संडेस्कूलच्या पोरांनी त्याला बोट लावलं की छडी मिळे. रविवारी सकाळी तो वाजायचा आणि आम्ही इंग्रजी चालीत बसवलेली मराठी गीतं म्हणायचो. बसवलेली म्हणजे कशी, तर ट्रंकेचं झाकण लागत नाही तेव्हा आपण वर बसतो ना, तशी. शब्द आपला, पण जोर भलत्याच अक्षरावर.

आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा. तिथे सतरंजी, हातपेटी, टाळ, मृदंग. तीच माणसं, तोच देव. पण सकाळचं वाद्य वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. जसा काही देव रविवारी सकाळी बूट घालून यायचा आणि बुधवारी चपला काढून.

ही बुधवारची पेटी आपल्याकडे आली कुठून, हे सातारकरांना सांगायला नको. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये पुष्कळ वर्षं काढली आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला बिऱ्हाड केलं. ‘देवाचा दरबार’, म्हणजे त्यांनी जमवलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा, तिथलाच. 1919 मध्ये ते गेले, म्हणजे साताऱ्याला मिळाली जेमतेम दोन वर्षं. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं ख्रिस्ती उपासनेत चालतं हे त्यांनी भांडून नव्हे, लिहून दाखवलं. आज आपल्या हातातल्या गीतांच्या पुस्तकात त्यांचा वाटा किती आहे, घरी जाऊन पानं उलटा. आणि तसं पाहिलं तर फादर स्टीफन्सनी 1616 मध्येच गोव्यात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली होती. म्हणजे ओवी आपल्याकडे नवी नाही, ऑर्गन नवा. पण माझ्या लहानपणी हे कुणाला पटलं नसतं.

तर 1964 साल, मी नऊ वर्षांचा. नाताळला तीन आठवडे राहिलेले. रविवारी पहिलं गीत सुरू झालं, दुसऱ्या ओळीला ऑर्गनने मोठा सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. वाजवणाऱ्या बाई पाय मारतायत, मारतायत, आतून नुसता फुस्स आवाज. मागचं फळकूट काढलं, तर भात्याच्या कापडात उंदरांनी संसार थाटलेला. पाच पिल्लं. त्यांना बाहेर काढताना पाळकसाहेबांनी जी प्रार्थना केली ती कुठल्याच पुस्तकात नाही. (हशा)

ऑर्गन बैलगाडीत घालून सातारा रोड स्टेशनावर नेला आणि तिथून रेल्वेने मिरजेला. मिरजेलाच का, हे मी मिरजकरांना सांगू? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावाला? परवा 2024 मध्ये तुमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले. सतार मला येत नाही, ती गोष्ट वेगळी. वडील ऑर्गनबरोबर आले होते, मी वडिलांबरोबर.

कारागीर म्हातारे होते. नाटक कंपन्यांची वाद्यं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. ऑर्गनचं पोट उघडून ते हसायलाच लागले. म्हणाले, “मास्तर, असले किती ऑर्गन या हातांखालून गेले. नाटकाच्या रंगपटातच यांच्याजवळ बसून आम्ही जेवलोय.” वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या देवळातलं सगळ्यात सोवळं वाद्य, आणि त्याची भावंडं सांगलीच्या थिएटरात नाट्यपदांना साथ करत होती! सांगलीच ती. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक सुरू केलं त्या गावाजवळ ऑर्गन नाटकापासून किती लांब राहणार?

मग त्यांनी शेजारची एक हातपेटी उघडून मला दाखवली. हे मी अजून विसरलेलो नाही. दोन्हीच्या आत तेच. पितळेच्या पट्टीत कापलेली पितळेची जीभ, वारा लागला की थरथरणारी. त्याला ते नुसतं ‘सूर’ म्हणायचे. “हा सूर बदलायला झालाय”, असं. म्हणाले, “बाळ, फरक एवढाच. हा ऑर्गन वारा आत ओढतो आणि ही पेटी बाहेर ढकलते. एकाला पाय लागतात, एकीला हात. बाकी दोघं सख्खी भावंडं.”

कापड यायला महिना लागणार होता. त्यांनी ती हातपेटी आम्हाला नाताळपुरती वापरायला दिली. भाडं घेतलं नाही.

खरा प्रसंग इथून पुढं. पेटी गावात आली आणि पंच कमिटीची बैठक बसली. संध्याकाळी सातला बसली ती कंदिलात दोनदा तेल घालून उठली. प्रश्न एकच, बुधवारची पेटी रविवारी चालेल का? एक वडील होते, त्यांच्या घरी गावातला एकमेव रेडिओ. ते म्हणाले, “आकाशवाणीवरसुद्धा पेटीला बंदी आहे. सरकारला जे चालत नाही ते देवाला कसं चालेल?” बंदी खरीच होती हो, 1940 पासून. ती उठायला 1971 उजाडलं. दुसरे म्हणाले, बायबलातल्या स्तोत्र 150 मध्ये डफ आहे, झांजा आहेत, पेटी दाखवा. त्यावर माझे वडील म्हणाले, ऑर्गन तरी दाखवा. तर एक निवृत्त हेडमास्तर ताडकन उठले. घरी जाऊन जुनं इंग्रजी बायबल घेऊन आले आणि त्याच स्तोत्रातल्या चौथ्या वचनावर बोट ठेवलं. तिथे छापलेलं, ऑर्गन! खलास. आता काय बोलणार?

पाळकसाहेब हिब्रू थोडं शिकलेले. ते शांतपणे म्हणाले, मूळ शब्द फुंकून वाजवायच्या वाद्याचा आहे, पाव्यासारख्या. दावीद राजाच्या काळात हा ऑर्गन कुठून असणार? यावर हेडमास्तर म्हणाले, मूळ काहीही असो, छापलंय ते छापलंय. (हशा) शेवटी ठराव असा झाला, मी तो पुढे मिनिटबुकात वाचलाय : “ऑर्गन नादुरुस्त असल्याकारणाने, केवळ अडचण म्हणून, पेटीस परवानगी.”

केवळ अडचण म्हणून! माझं हे आवडतं मत आहे, घरच्यांना कंटाळा आलाय त्याचा. आपल्या मंडळ्यांत बदल ठरावाने येत नाही. उंदीर भाता कुरतडतात तेव्हा येतो. ठराव मागाहून येतो, पावती फाडायला.

तर त्या रविवारी पेटी वाजली आणि गीत होतं अभंगाच्या चालीचं. माझी आजी बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसायची. अक्षरओळख नाही. पुस्तक हातात धरायची, कधी कधी उलटं. रविवारी तिचे नुसते ओठ हलायचे. मी समजायचो, आजीला गाता येत नाही. पेटीवर पहिली ओळ एकाने म्हटली, सगळ्यांनी ती परत म्हटली, दुसरी ओळ, पुन्हा धृपद. आणि मागून एक खणखणीत, जरा फाटका आवाज आला. मी वळून पाहिलं तर आजी. डोळे मिटलेले, पुस्तक मांडीवर बंद. बाहेर आल्यावर मी विचारलं, आजी, तुला येतं गाणं? म्हणाली, “मला कवाबी येत हुतं. त्या पेटाऱ्यालाच माझं येत न्हवतं.”

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आणि माझी पहिली कसोटीसुद्धा झालेली नाही. असो. खरं सांगायचं तर होती एकच. वांगी निवडताना तिच्या तीन झाल्या.

कोणताही बदल आला की आपण विचारतो, हे जुनं की नवं? आपलं की परकं? ऑर्गनवाले आणि पेटीवाले दोघंही हेच विचारत बसले. मी एवढंच विचारतो, हा बदल झाल्यावर कोण गायला लागलं आणि कोण गप्प झालं? हे मंडळीत मागच्या भिंतीला टेकून बसलं की कळतं. कमिटीत बसून कळत नाही.

आता भराभर घेतो. प्याला. आमच्या गावात प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात त्या विधीला, एकच प्याला सगळ्यांच्या ओठांतून फिरायचा. आत तासगावच्या काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून केलेला रस. माझी आई करायची, अजून तो वास येतो. इकडे मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी 1894 मध्येच दवाखाना काढलेला, तिकडे अमेरिकेत त्याच दशकात जंतूंच्या भीतीने छोटे वेगळे प्याले निघालेले, आणि आम्ही 1980 पर्यंत एकाच प्याल्यावर. कारण काय, तर ‘एक शरीर, एक प्याला’. पण आमच्या मंडळीत क्षयातून उठलेला एक गृहस्थ होता, तो प्याला जवळ आला की उठून बाहेर जायचा. दुसऱ्यांना लागू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. छोटे प्याले आले त्या रविवारी तो पहिल्यांदा शेवटपर्यंत बसला. त्या दिवशी मला छोट्या प्याल्यांबद्दलची सगळी तक्रार गिळावी लागली.

मंडळ्या एक होणं. 1924 ला प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय चर्च झाली. त्यानंतर इस्टेटींवरून जे झालं त्यात मी पडत नाही, मला घरी जायचंय. पण शिशुबाप्तिस्मा घेणारे आणि प्रौढपणी बुडून घेणारे एका छपराखाली बसले, हा लहान बदल नव्हे. कॅथलिक बांधवांना 1963 मध्ये व्हॅटिकन परिषदेने आपापल्या भाषेचं दार उघडून दिलं, आणि लॅटिनमध्ये मान डोलावणारी म्हातारी माणसं अर्थ कळून मान डोलवायला लागली. हे माझ्या कसोटीत चपखल बसतं, पण वेळ नाही.

प्रोजेक्टर. जाड भिंगांच्या चष्मेवाल्यांना पुस्तकापेक्षा पडद्यावर वाचता येतं, हे मी मान्य केलंय. फक्त एका वेळी दोनच ओळी दाखवता आणि तिसरी यायच्या आत आम्ही धृपदावर, हे पाहा. कोरोनात मोबाईलवर उपासना झाली, अंथरुणाला खिळलेल्या चार माणसांना तीन वर्षांनी पाळक दिसले. तो कोरोना गेला म्हणून मोबाईलही बंद केलात, ते का?

आणि कीबोर्ड, ड्रम. इथे तरुण संघ बसलाय, घाबरू नका. मला ड्रमचं वावडं नाही, स्तोत्रात डफ आहे, म्हणजे हेडमास्तरांच्या नियमाने तुम्ही सुटलात. माझी तक्रार आवाजाची आहे. परवा एका देवळात मी गीताच्या मध्येच गायचं थांबलो. मुद्दाम. शेजाऱ्याला कळलं नाही. मलाही कळलं नाही म्हणजे बघा, ओठ थांबले तरी गाणं तेवढंच मोठं! माझी आजी तिथे असती तर पुन्हा नुसते ओठ हलवत बसली असती.

पण हे बोलायचा मला हक्क किती, तेही सांगतो, मग बसतो. मी वीस वर्षं देवळात पेटी वाजवली. आपली, देशी, टिळकांच्या वारशाची पेटी, या तोऱ्यात. वीस वर्षं एकच पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ धरायची जागा, काळी दोन. कारण ती माझ्या गळ्याला बसायची. निरोपाच्या दिवशी महिला मंडळाने शाल दिली आणि एक बाई हळूच म्हणाल्या, “सर, एक विचारू? तुमची पट्टी आम्हाला वर घेतली की पोचत नाही, खाली घेतली की घशातून निघत नाही. आम्ही आपलं मधल्यामध्ये गुणगुणतो.” मी म्हटलं, बाई, वीस वर्षं का नाही सांगितलं? म्हणाल्या, “तुम्ही डोळे मिटून वाजवायचा. वाटलं, प्रार्थनेत आहात.”

झालं, घंटा वाजली. शेवटचं गीत आहे ना आता? कीबोर्डवर कोण बसलंय? ये रे इकडे. कुठली पट्टी धरू म्हणून माझ्याकडे काय बघतोस. त्या भिंतीपाशी हिरव्या लुगड्यातल्या मावशी बसल्यात ना, त्यांना पहिली ओळ म्हणायला सांग. त्या जिथे धरतील तिथे तू धर.