मोरिन्योचा आठवडा: पोर्टो ते बेन्फिका

23 फेब्रुवारी 2002 ला पोर्टो आपल्याच मैदानावर बेइरा-मारकडून हरला. त्यानंतर जोझे मोरिन्यो घरच्या मैदानावर लीगचा पुढचा सामना हरला तो थेट 2 एप्रिल 2011 ला, रियाल माद्रिदमध्ये असताना, स्पोर्टिंग खिखोनकडून. मध्ये 150 सामने. पोर्टोत 38, चेल्सीत 60, इंटरमध्ये 38, माद्रिदमध्ये 14. चार क्लब, चार देश, आणि घरच्या मैदानावर लीगमध्ये पराभव शून्य.

[स्क्रीनवर: चार क्लबांची चिन्हं, खाली आकडे]

नमस्कार मंडळी. मोरिन्यो म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पत्रकार परिषदा आणि 'बस पार्किंग', म्हणजे गोलसमोर सगळा संघ उभा करून ठेवणं. पत्रकार परिषदा आज बाजूला ठेवू, त्यांच्यावर हजार व्हिडिओ आहेत. आज बघायचंय की हा माणूस आठवडाभर मैदानावर नेमकं काय करून घेतो, त्यातून चषक कसे आले, आणि साधारण 2015 नंतर तीच पद्धत का अडायला लागली.

पूर्वपीठिका झटपट उरकतो. जन्म 26 जानेवारी 1963, सेतुबाल. वडील फेलिक्स मोरिन्यो गोलरक्षक, पोर्तुगालकडून एक सामना खेळलेले. मुलाची खेळाडू म्हणून कारकीर्द सांगण्यासारखी नाही. त्याने लिस्बनमध्ये शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. 1992 मध्ये इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉबसन लिस्बनच्या स्पोर्टिंगला आले तेव्हा हा त्यांचा दुभाष्या झाला. आता 'दुभाष्या' हा शब्द पुढे आयुष्यभर त्याला टोमणा म्हणून ऐकवला गेला, पण काम बघा ना. रॉबसनबरोबर स्पोर्टिंग, मग पोर्टो, मग बार्सिलोना. रॉबसन गेल्यावरही लुई व्हान खालने त्याला 2000 पर्यंत ठेवून घेतलं. इतकी वर्षं नुसत्या भाषांतरासाठी कुणी ठेवत नाही. प्रतिस्पर्ध्याचे सामने बघून त्यांचे अहवाल लिहिणं हे त्याचं काम होतं.

सप्टेंबर 2000 मध्ये बेन्फिकाने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. लीगचे नऊ सामने झाले, क्लबचा अध्यक्ष बदलला आणि डिसेंबरमध्ये हा बाहेर पडला. मग युनियांव द लेइरिया. आणि जानेवारी 2002 मध्ये पोर्टो. खरी गोष्ट इथे सुरू होते.

[स्क्रीनवर: सोमवार ते रविवार, सात चौकोन]

पोर्टो विद्यापीठात विटोर फ्राद नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या पद्धतीला डावपेचांचं आवर्तन म्हणता येईल. मूळ मुद्दा असा: तंदुरुस्ती वेगळी, तंत्र वेगळं, डावपेच वेगळे, असे सरावाचे तुकडे करायचे नाहीत. टेकडीवर पळणं नाही, बॉलशिवाय मैदानाच्या फेऱ्या नाहीत. प्रत्येक सराव बॉलसकट आणि आपण जसे खेळणार तसाच. बदलतं ते फक्त शरीरावर येणाऱ्या ताणाचं स्वरूप.

रविवारी सामना आहे असं धरा. सोमवारी सुट्टी. मंगळवारी हलकं काम, शरीर पूर्ववत होण्यासाठी. बुधवारी छोटी जागा आणि कमी माणसं, तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार. खेळ काही मिनिटांचाच, मग भरपूर विश्रांती, मग पुन्हा. यात थांबणं, वळणं, उसळी घेणं सारखं होतं, म्हणून स्नायूंच्या ताकदीचं काम आपोआप होतं. गुरुवारी मोठं मैदान, जवळपास पूर्ण संघ, खेळ जास्त वेळ सलग. हा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस, आणि तो सामन्यापासून पुरेसा लांब ठेवलेला. शुक्रवारी वेग: प्रतिकार कमी, निर्णय पटकन, धावा छोट्या. शनिवारी थोडं अंग मोकळं करायचं, रविवारी खेळायचं.

हे कोलमडतं कधी? बुधवारी युरोपच्या क्लब स्पर्धेचा सामना आला की. रविवार, बुधवार, पुन्हा रविवार असं झालं की मधले दोन्ही जड दिवस गायब. उरतं फक्त विश्रांती आणि अंग मोकळं करणं. शिकवायला दिवसच नाही. म्हणून ही पद्धत वापरणारा प्रशिक्षक हंगामापूर्वीच्या आठवड्यांबद्दल इतका हट्टी असतो: मोठ्या कल्पना तेव्हाच डोक्यात बसवायच्या असतात. पोर्तुगालमध्ये तेव्हा लीगचे 34 सामने होते. इंग्लंडमध्ये 38, वर दोन देशी चषक. हा फरक लक्षात ठेवा.

बरं, या आठवड्यात शिकवायचं काय? फुटबॉलचे चार क्षण असतात: बॉल आपल्याकडे आहे, बॉल त्यांच्याकडे आहे, बॉल नुकताच गमावला, बॉल नुकताच मिळाला. मोरिन्योची सगळी कारकीर्द शेवटच्या दोन क्षणांवर उभी आहे. बॉल हातचा गेला की पुढचे चार-पाच सेकंद कोण कुठे उभा आहे, यावर तो सामना तोलतो.

पोर्टोचा संघ आठवा. गोलमध्ये विटोर बाइया. मागे पाउलो फेरेरा, जोर्जे कोस्टा, रिकार्दो कार्वाल्यो, नुनो व्हालेंते. मध्ये चौकट, तळाला कोस्टिन्या, बाजूंना मनीश आणि पेद्रो मेंदिस, टोकाला डेको. पुढे डेर्ले आणि जोडीला कधी मॅकार्थी, कधी कार्लोस आल्बेर्तो. यात महागडी खरेदी नाही. डेर्ले आणि व्हालेंते त्याच्याच जुन्या लेइरियातून आणले, मनीश बेन्फिकाने सोडलेला, जोर्जे कोस्टा आधीच्या प्रशिक्षकाशी खटका उडाल्यामुळे चार्ल्टनला उसना पाठवलेला. त्याला परत बोलावून कप्तानपट्टी दिली.

आणि हा संघ मागे बसत नव्हता. बचावफळी वर, प्रेसिंग (म्हणजे बॉल हिसकावायला अंगावर जाणं) पुढून, आणि दमले की बॉल स्वतःकडे ठेवून दम खायचा. पळून विश्रांती मिळत नाही, पास देऊन मिळते, हे त्याने सरावातच घोटून घेतलं होतं. 2002-03 मध्ये लीग 86 गुणांनी जिंकली, देशी चषक जिंकला, आणि 21 मे 2003 ला सेव्हियात सेल्टिकला जादा वेळेत 3-2 हरवून यूएफा कपही, म्हणजे युरोपची दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, घेतला.

पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध घरी 2-1, दोन्ही गोल मॅकार्थीचे. ओल्ड ट्रॅफर्डवर पॉल स्कोल्सने 1-0 केलं. त्याचा दुसरा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, तो नाकारायला नको होता. नशिबाचा हा वाटा प्रामाणिकपणे मोजायला हवा. मग 90 व्या मिनिटाला फ्री किक. मॅकार्थीचा फटका गोलरक्षक टिम हॉवर्डने अडवला, पण बॉल समोरच पडला, आणि तिथे कोस्टिन्या होता. कोस्टिन्या, संघातला सगळ्यात बचावात्मक मिडफिल्डर. मोरिन्यो बाजूच्या रेषेवरून कोट उडवत धावला तो हाच गोल. 26 मे 2004 ला गेल्सेनकिर्शेनमध्ये अंतिम सामना, मोनॅकोविरुद्ध 3-0. पहिला गोल कार्लोस आल्बेर्तोचा. डेकोचा 71 व्या आणि अलेनिचेव्हचा 75 व्या मिनिटाला, दोन्ही काउंटरवर, म्हणजे बॉल मिळताच केलेल्या झटपट उलट्या हल्ल्यावर, मोनॅको गोलसाठी पुढे सरकलेला असताना.

[स्क्रीनवर: मुंबई सिटीची निळी जर्सी]

इथे मुंबईकरांसाठी थोडं थांबतो. तो चषक उचलणारा कप्तान जोर्जे कोस्टा 2018 ते 2020 अंधेरीच्या मैदानात मुंबई सिटीचा प्रशिक्षक होता. मध्ये पाउलो मचाडो, आणि बॉल मिळाला की नजर मोदू सोगूच्या धावेवर. डिसेंबर 2018 मध्ये केरळ ब्लास्टर्सला 6-1 हरवलं, त्यात सोगूचे चार. पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक आणि उपांत्य फेरी, पण तिथे एफसी गोवाने अंधेरीत येऊन 5-1 ने धुतलं. गोव्यातली परतीची लढत मुंबईने 1-0 जिंकली, उपयोग नव्हता. जोर्जे कोस्टा ऑगस्ट 2025 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी गेला, पोर्टोचा फुटबॉल संचालक असताना.

परत मूळ मुद्द्याकडे. 2004 ला चेल्सी. इंग्लंडमध्ये तेव्हा बहुतेक संघ 4-4-2 (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन पुढे) खेळायचे, म्हणजे मैदानाच्या मध्यभागी दोन माणसं. मोरिन्योने तीन ठेवली, तळाला मॅकेलेले. आता गणित करा. त्यांचे दोघे आपल्या पुढच्या दोघांना धरतील, तर मॅकेलेले मोकळा. त्याला धरायला कुणी पुढे आला, तर लॅम्पार्ड मोकळा. बाजूचा मिडफिल्डर आत सरकला, तर डफ किंवा रॉबेनला अख्खी बाजू मिळाली. पहिल्या हंगामात 95 गुण, एक पराभव आणि 38 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले. गंमत म्हणजे बस पार्क करण्याची ती उपमा इंग्लंडमध्ये गाजवली ती यानेच, सप्टेंबर 2004 मध्ये टॉटनहॅमने त्याला 0-0 रोखल्यावर वैतागून.

आणि सहा वर्षांनी ती त्यालाच चिकटली. 28 एप्रिल 2010, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोउ, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी; मोरिन्यो आता इंटरचा प्रशिक्षक. इंटरने पहिली लढत मिलानमध्ये 3-1 जिंकलेली. (आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद, म्हणून त्या लढतीला बार्सिलोनाचा संघ खरोखरच बसने आला होता.) परतीच्या लढतीत 28 व्या मिनिटाला थियागो मोट्टाला लाल कार्ड. इंटर दहा जणांवर. स्यामुएल एटो, जगातल्या अव्वल गोलंदाजांत नव्हे, गोल मारणाऱ्यांत गणला जाणारा माणूस, उजव्या कोपऱ्यात दुसरा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, होऊन खेळला. डावीकडे किवू तसाच. मागे जवळपास सहा जणांची रांग, आणि मधली जागा बंद.

पण बारकाईने बघा, त्या सामन्यात इंटरला बॉल नकोच होता. तर्क असा: बॉल मिळाला की आपले चार जण जागा सोडून पुढे जाणार. बार्सिलोना तो काही सेकंदांत हिसकावणार. आणि तेव्हा आपल्या जागा रिकाम्या असणार. म्हणून जागा सोडूच नका. म्हणजे पोर्टोत बॉल ठेवून विश्रांती आणि इथे बॉल नाकारून सुरक्षितता, पण हिशोब त्याच चार-पाच सेकंदांचा. 84 व्या मिनिटाला पिकेने गोल केला, 1-0 हरून इंटर पुढे गेला. सामना संपताच कॅम्प नोउचे फवारे सुरू झाले आणि इंटरवाले भिजत नाचत राहिले. 22 मेला बायर्नविरुद्ध 2-0, मिलितोचे दोन, आणि लीग, देशी चषक, युरोप असे तिन्ही मुकुट.

माद्रिदमध्ये तेच सेकंद उलट्या बाजूने वापरले. 2011-12 मध्ये 100 गुण, 121 गोल. प्रतिस्पर्ध्याचा कॉर्नर अडवला की अलोन्सो किंवा ओझिल, तिथून रोनाल्डो किंवा डी मारिया, आणि मोजून काही स्पर्शांत बॉल जाळ्यात. माझ्या मते त्याचा सगळ्यात देखणा संघ हाच, इंटरचा नव्हे.

मग बिघडलं कुठे? 'तिसऱ्या हंगामाचा शाप', म्हणजे कुठल्याही क्लबात तिसऱ्या वर्षी त्याचं बिनसतंच, हे उत्तर आळशी आहे. पोर्टो आणि इंटर त्याने शिखरावर असताना स्वतः सोडले, तिसरा पूर्ण हंगाम झालाच नाही. चेल्सीतल्या पहिल्या खेपेच्या तिसऱ्या हंगामात दोन देशी चषक आले. हो, चेल्सीतून डिसेंबर 2015 मध्ये संघ सोळाव्या क्रमांकावर असताना, युनायटेडमधून डिसेंबर 2018 मध्ये आणि रोमातून जानेवारी 2024 मध्ये गच्छंती झाली, ती तिसऱ्या हंगामातच. पण कारण मैदानावर दिसतं.

एक, मधली फळी तिघांची हे सगळ्यांनीच उचललं, त्यामुळे मॅकेलेलेचं ते मोकळेपण संपलं. दोन, बॉल गमावताच प्रेस करणारे संघ वाढले. मोरिन्योच्या संघाला बॉल मिळाल्यावर जो पहिला पुढचा पास हवा असतो, तोच ते तोडायला लागले. काउंटर सुरूच होत नाही, आणि बॉल पुन्हा आपल्याच बॉक्ससमोर. तीन, छोटे संघ त्याच्याविरुद्ध स्वतःच मागे बसायला लागले. बसलेला बचाव फोडताना पुढच्यांना तो बऱ्यापैकी मोकळीक देतो, ठरीव जागा कमी. आपल्या पुढच्या फळीत रोनाल्डो असेल तर निभतं.

टॉटनहॅममध्ये हे एकाच महिन्यात दिसलं. 4 ऑक्टोबर 2020 ला ओल्ड ट्रॅफर्डवर 6-1 विजय. केन खाली येऊन बॉल घेतो, बचावपटू त्याच्यामागे येतो, त्या रिकाम्या जागेत सॉन धावतो. 18 ऑक्टोबरला वेस्ट हॅमविरुद्ध सोळाव्या मिनिटालाच 3-0. आणि 82 व्या मिनिटापासून तीन गोल खाऊन 3-3. मागे बसलेल्या संघाला बॉल मिळाल्यावर तो ठेवता आला नाही, की प्रत्येक क्लिअरन्स (गोलसमोरून लांब मारलेला बॉल) परत आपल्याकडेच येतो. बॉक्सजवळ फ्री किक, क्रॉस, रिबाउंड वाढत जातात. पोर्टोत होती ती बॉल ठेवून दम खायची सवय इथे नव्हती, आणि दोन सामन्यांच्या मध्ये ती शिकवायला बुधवार-गुरुवार मिळत नव्हते. एप्रिल 2021 मध्ये, लीग कपच्या अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी, त्याला काढलं.

मात्र बाद फेरीच्या लढतींत ही पद्धत अजून चालते. 2017 मध्ये युनायटेडबरोबर युरोपा लीग, 2022 मध्ये तिरानात फेयेनूर्डला 1-0 हरवून रोमाला कॉन्फरन्स लीग. 2023 मध्ये सेव्हियाविरुद्ध पेनल्ट्यांवर हरला, तो त्याचा युरोपच्या अंतिम सामन्यातला पहिला पराभव. तुर्कीच्या फेनेरबाहचेने त्याला ऑगस्ट 2025 मध्ये काढलं, चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बेन्फिकाकडून हरल्यावर दोनच दिवसांत. आणि पुढच्याच महिन्यात त्याला घेतलं कुणी? बेन्फिकानेच.

गेल्सेनकिर्शेनचा अंतिम सामना पुन्हा लावलात तर बॉलकडे बघू नका. पोर्टोने बॉल गमावला की कोस्टिन्या कुठे उभा आहे आणि त्याच्या मागे कोस्टा आणि कार्वाल्यो किती अंतरावर आहेत, तेवढंच बघा. काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात पोर्तुगीज प्रशिक्षक आबेल फेरेरा: ब्राझीलचा पाल्मेइरास क्लब आणि लागोपाठचे दोन लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली सर्वोच्च क्लब स्पर्धा.